इपॉक्सीचा डबा गावात आला, त्याची माहिती मराठीत कधी येणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीच्या पानावर इपॉक्सी रेझिनच्या टेबलांवर लेख आला होता. इपॉक्सी म्हणजे दोन डब्यांतला माल कालवून लाकडावर ओतायचा, तो सुकून कडक प्लास्टिक होतो. फोटो छान होते, मधोमध निळी नदी आणि दोन्ही बाजूंना सालीसकट लाकूड, काचेसारखं चमकणारं. पण त्यात जे लिहिलं होतं की एकदा हा थर दिला की लाकडाला पाणी, ऊन, वाळवी, गरम भांडं कशाचंच भय नाही आणि घरबसल्या कोणीही हे करू शकतं, ते वाचून गप्प बसवेना म्हणून हे पत्र. मी चिपळूणला लाकडाच्या पॉलिशची कामं घेतो. वडीलही हेच करायचे, त्यांचं सगळं काम लाख आणि स्पिरिटवर, मग मेलामाईनचं पॉलिश आलं, मग पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं आलं आणि आता गिऱ्हाईक मोबाईलवर व्हिडिओ दाखवत येतं की अस्संच करून द्या. मी इपॉक्सी करतो आणि मला ते काम मनापासून आवडतं हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल हा जुना पॉलिशवाला नव्या मालावर डूख धरून बसलाय. तसं अजिबात नाही. डबा गावोगाव पोचला, पण तो वापरायचा कसा हे पोचलं नाही, आणि त्याचा भुर्दंड गिऱ्हाईक भरतंय, लाकूड भरतंय आणि सगळ्यात जास्त कारागिराचे हात भरतायत, हे मला सांगायचंय.

इपॉक्सी ही काही काल-परवाची वस्तू नाही. स्वित्झर्लंडच्या पिएर कास्तां यांनी 1930 च्या दशकात दाताच्या कवळ्यांसाठी साहित्य शोधताना यावर काम केलं, पुढे सिबा कंपनीने 1946 मध्ये अरल्डाइट नावाने ते बाजारात आणलं, तेच अरल्डाइट ज्याच्या दोन ट्यूबा आपल्या प्रत्येकाच्या घरात कुठल्या ना कुठल्या ड्रॉवरमध्ये असतात. लाकडावर याचा खरा वापर केला तो अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या बे सिटी गावच्या गूजॉन बंधूंनी. 1969 च्या सुमारास त्यांनी बोटी बांधायचा धंदा सुरू केला आणि लाकडाला इपॉक्सी पाजून, इपॉक्सीनेच जोडून बोटी बनवल्या. त्यांची 1970 ची अडाजिओ नावाची शिडाची बोट लाकूड आणि इपॉक्सीचीच. त्यांचा विचार साधा होता, लाकडाचा प्रत्येक तुकडा सहाही बाजूंनी बंद करायचा म्हणजे आत दमट हवा जाणार नाही, दमट हवा गेली नाही की लाकूड फुगणार-आकसणार नाही आणि कुजणार पण नाही.

आणि लांब कशाला जायचं, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली नौदलाची म्हादेई घ्या ना. लाकडाचा गाभा आणि त्याला रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबरग्लासचं कवच, अशी ती शिडाची बोट. दिलीप दोंदे 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून तीच घेऊन एकटे निघाले आणि 2010 च्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले, नंतर 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी तिच्यावरूनच कुठेही न थांबता जगाला फेरी मारून आले. म्हणजे लाकूड आणि रेझिन यांची जोडी नीट जमली तर समुद्रात महिनोन्‌महिने काही होत नाही, हे आपल्या कोकणपट्टीतल्या कारागिरांनीच दाखवून दिलंय.

पण तिथे लाकूड चहूबाजूंनी बंद आहे. आपण काय करतो? टेबलाचा वरचा भाग दिसतो म्हणून वर तीन मिलिमीटरचा जाड थर ओततो आणि खालची बाजू कोरी सोडतो, फारतर एक हात वॉर्निश मारतो. पावसाळा आला की खालून लाकूड दमट हवा ओढून घेतं, खालची बाजू फुगते, वरची बाजू प्लास्टिकने धरून ठेवलेली, मग फळी वाकणार नाही तर काय होणार? सागासारखं गुणी लाकूडसुद्धा ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत सहा टक्क्यांच्या जवळपास आकसू शकतं, तेसुद्धा फळी कशी कापलीय त्यावर, आणि साग हा कमी हलणाऱ्यात मोडतो, बाकीच्यांचं विचारूच नका. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, वर एक थर कमी द्या पण खाली आणि कडांना द्या, विशेष करून फळीच्या दोन्ही टोकांना जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या दिसतात, कारण पाणी तिथून आडव्या बाजूच्या कितीतरी पट वेगाने आत शिरतं. खालच्या बाजूला पैसे घालायचे म्हटलं की लोकांना जीवावर येतं, दिसत नाही ना!

दुसरी गोष्ट ओलाव्याची, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण कोकणातली निम्मी कामं इथेच फसतात. लाकूड आतून कोरडं पाहिजे. दहा-बारा टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर जाड थर ओतायच्या भानगडीत पडूच नये. आता जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच अशी असते की नुसतं पडवीत ठेवलेलं सुकं लाकूडसुद्धा त्याच्या वर जातं. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 287 नावाचं मानकच आहे, त्यात देशाचे हवेतल्या दमटपणाप्रमाणे विभाग केलेत आणि कुठल्या विभागात कुठल्या कामाच्या लाकडात किती ओलावा चालेल ते दिलंय. म्हणजे सोलापूरला जे चालतं ते रत्नागिरीला चालेलच असं नाही, हे कागदावर केव्हाचं ठरलेलं आहे, फक्त सुताराच्या हातात तो कागद कोणी दिला नाही. लाकडाचा ओलावा मोजायचं दोन सुयांचं छोटं मशीन मिळतं, घेणं जड वाटलं तर त्याच फळीचा एक तुकडा कापून किचनच्या वजनकाट्यावर रोज ठेवा, उन्हात सुकवत राहा, वजन उतरायचं थांबेपर्यंत थांबा, किती पाणी उतरलं ते तुमचं तुम्हालाच कळेल, फक्त उन्हाने सगळंच पाणी जात नाही हे धरून चाला.

2021 च्या 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळुणात शिरलं तेव्हा बाजारपेठेतल्या आणि आजूबाजूच्या घरांचे दरवाजे, चौकटी, कपाटं, देव्हारे सगळं पाण्यात आणि चिखलात होतं. नंतर लोकांना घाई होती आणि ती साहजिक होती, घर परत उभं करायचं होतं. त्या घाईत काही जणांनी दरवाजे धुतले, चार-आठ दिवस पंख्याखाली ठेवले, वरून हाताला कोरडे लागले आणि परत पाणी आलं तरी काही व्हायला नको म्हणून दोन्ही बाजूंनी जाड इपॉक्सी मारून घेतलं. हेतू चांगला होता. पण लाकडाच्या पोटात पाणी तसंच होतं आणि आता त्याला बाहेर पडायला वाटच राहिली नाही. कुजवणारी बुरशी साधारण वीस टक्क्यांच्या वर ओलावा मिळाला की वाढते, तिला ऊन लागत नाही की मोकळी हवा फारशी लागत नाही. त्यातले काही दरवाजे नंतर माझ्याकडे आले, वरून चकाचक आणि खाली चौकटीजवळ बोटाने दाबलं तर आत जातंय, थराखाली काळे डाग पसरलेले, काही ठिकाणी अख्खी पापडी सुटून आलेली. आजोबांच्या वेळचा साग होता हो तो, पुरातून वाचला होता आणि त्याला आपण आत कोंडून मारलं. नुसता सुकवून, अळशीचं तेल पाजून ठेवला असता तरी पुढची पन्नास वर्षं काही झालं नसतं.

आता मिश्रणाचं बघा. इपॉक्सीचे दोन डबे असतात, रेझिन आणि हार्डनर. आपल्याकडे या कामात आलेली बरीच पोरं आधी फायबरच्या कामातली आहेत, पाण्याच्या टाक्या, बोटींना फायबर मारणं वगैरे. तिथे वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन आणि त्यात टाकायचं ते नुसतं चालना देणारं औषध, टक्का-दोन टक्के, थंडी असली की थोडं जास्त, ऊन असलं की थोडं कमी, हाताच्या अंदाजाने चालून जातं. तीच सवय इपॉक्सीला लावली की काम गेलं. इपॉक्सीत हार्डनर हा पुरा भागीदार आहे, रेझिनच्या प्रत्येक कणाला हार्डनरचा जोडीदार लागतो, फुगडी जशी एकटीला घालता येत नाही तसं. हार्डनर जास्त टाकला तर लवकर सुकत नाही, उलट उरलेला हार्डनर आतच बिनजोडीचा राहतो आणि टेबल जन्मभर चिकट. कमी टाकला तरी चिकटच. आणि असा चिकट राहिलेला थर वरून आणखी हार्डनर चोळून सुकत नाही, तो पत्र्याने खरवडून, सॉल्व्हंटने पुसून काढावा लागतो आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

त्यात अजून एक घोळ आहे आणि तो सरळसरळ डब्यावरच्या अपुऱ्या माहितीमुळे होतो. डब्यावर लिहिलेलं असतं दोनास एक, म्हणजे दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर. पण मापाने की वजनाने? रेझिन जड असतं, हार्डनर हलका. मापाने दोनास एक असेल तर वजनाने ते साधारण शंभर ग्रॅमला बेचाळीस-त्रेचाळीस ग्रॅमच्या आसपास येतं, पन्नास नाही. मालाप्रमाणे आकडा थोडा बदलतो म्हणून तो डब्यावरच पाहिजे. दुकानात माल किलोवर विकला जातो, कारागीर काट्यावर मोजतो, आणि सूचना असते मापाची, तीही बारीक अक्षरात इंग्रजीत. मग शंभराला पन्नास टाकून टेबल बिघडलं की गिऱ्हाईक म्हणतं मिस्त्रीला काम येत नाही, मिस्त्री म्हणतो माल बोगस आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबरच वाटतात, आणि चूक झाली एका ओळीमुळे जी मराठीत लिहायला कोणाला काही खर्च येणार नव्हता.

हिशोब पण कोणी सांगत नाही. सोपा आहे खरं तर, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर द्यायला एक लिटर माल लागतो. सहा बाय तीन फुटाचं टेबल म्हणजे पावणेदोन चौरस मीटरला थोडं कमी, त्यावर तीन मिलिमीटरचा थर म्हणजे पाच लिटर, वजनात साडेपाच किलोच्या आसपास. हे आधी कळलं तर माणूस विचार करेल की खरंच एवढा जाड थर हवाय का, का दोन पातळ हातांवर भागेल. संरक्षणच करायचं असेल तर पातळ हात सगळ्या बाजूंनी देणं हे वरून काच ओतण्यापेक्षा कधीही चांगलं, जाडी ही बहुतेक वेळा शोभेसाठी असते.

कालवल्यावर त्यात उष्णता तयार होते. एकाच डब्यात लिटर-दीड लिटर कालवून ठेवून कोणी चहाला गेलं तर परत येईपर्यंत मिश्रण उकळून धूर सोडायला लागतं, प्लास्टिकचा मग वितळतो. आपल्या एप्रिल-मेमध्ये तर हे फारच लवकर होतं, कारण तापमान दहा अंश वाढलं की हातात असलेला वेळ जवळजवळ अर्धा होतो, डब्यावरची वेळ बहुतेक पंचवीस अंशाची असते आणि पत्र्याच्या शेडमध्ये आपण असतो अडतीस-चाळीसला. म्हणून थोडं-थोडं कालवायचं, कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये किंवा थेट लाकडावर ओतायचं. उरलेला माल कचऱ्याच्या डब्यात भुशावर टाकायचा नाही, ही गोष्ट प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर रंगवून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे, आग लागू शकते.

बुडबुड्यांचं रडगाणं सगळ्यांचं असतं. लाकडात हवा असते, लाकूड तापत गेलं की ती फुगून वर येते आणि थरात अडकते. म्हणून सकाळी उन्हं चढताना ओतू नका, संध्याकाळी हवा उतरायला लागली की ओता, मग लाकूड उलट माल आत ओढून घेतं. पहिला हात अगदी पातळ, नुसता लाकूड बंद करण्यापुरता, आणि मग वरचा. सागाला आधीच अंगचं तेल असतं, त्याला पॉलिश पेपर मारल्यावर अॅसिटोनने पुसून लगेच काम सुरू करावं, उद्यावर टाकलं तर तेल परत वर येतं. आणि पावसाळ्यात सुकलेल्या थरावर मेणासारखी साय येते ती बघितलीय का? हवेतलं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरशी मिळून ती साय करतात. पुढचा हात देण्याआधी ती नुसत्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुवायची, मग पॉलिश पेपर. उलटं केलं, म्हणजे आधी पेपर घासला, तर ती साय रगडून आतच बसते आणि वरचा हात पुढच्या वर्षी सुटतो. पाण्याने धुवायचं आहे हे ऐकून कारागीर आधी विश्वासच ठेवत नाहीत, त्यांचा हात थिनरकडे जातो.

ऊन आणि गरम भांड्याबद्दल तुमच्या लेखात जे होतं ते तर अगदीच चुकीचं आहे. साधं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, मग त्याला खडूसारखी पूड सुटते. ओटीवरचा झोपाळा, गॅलरीतलं टेबल, घराचा पुढचा दरवाजा असं काही असेल तर इपॉक्सीच्या वर ऊन सोसणारा दोन डब्यांचा पीयू किंवा बोटींना मारतात तसलं यूव्ही वॉर्निश द्यावंच लागतं आणि ते मध्येमध्ये परत मारावं लागतं. आणि टेबलावर ओतायचं नेहमीचं इपॉक्सी पन्नास-साठ अंशाला मऊ पडायला लागतं, कुकर तर सोडाच, चहाचा भरलेला स्टीलचा पेलासुद्धा गोल वण सोडून जातो. वाळवीचं तर काय सांगू, ती भिंतीतून, चौकटीच्या मागून, जिथे आपला ब्रश कधी पोचलाच नाही तिथून येते, आतलं लाकूड खाते आणि चकचकीत कवच तसंच ठेवते.

एक विनंती देवळांच्या विश्वस्तांना आणि वाडे सांभाळणाऱ्या मंडळींना. आपल्याकडे जुन्या देवळांच्या सभामंडपात लाकडी खांब आहेत, कोरीव तुळया आहेत, वाड्यांचे दिंडीदरवाजे आहेत. जीर्णोद्धार काढला की आता कोणीतरी हमखास सुचवतं की इपॉक्सी मारून घेऊ, कायमचं काम होईल. कृपा करून नका मारू हो. खांब खाली दगडी जोत्यावर उभा आहे, तिथून तो ओल ओढतो आणि अंगातून बाहेर सोडतो, असंच तो शे-दोनशे वर्षं जगला. त्याच्या चार दिसत्या बाजू प्लास्टिकने बंद केल्या तर खालून ओल येतच राहणार आणि बाहेर जाणार नाही, आमच्या पुराच्या दरवाज्यांचं झालं तेच त्याचं होणार. शिवाय लाखेचं पॉलिश स्पिरिटने निघतं, तेलाचा हात झिजून जातो, इपॉक्सी एकदा कोरीवकामाच्या खाचांत बसलं की पटाशीने किंवा उष्णतेनेच निघतं आणि निघताना नक्षी घेऊन जातं. कुजलेला भाग भरायला, भेग सांधायला जाणकार माणूस इपॉक्सी वापरतो ते वेगळं, तिथे ते औषधासारखं मोजून वापरलेलं असतं. अख्ख्या खांबाला आंघोळ घालणं हे काम नाही.

शेवटी हात, ज्याच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो. आमच्या कामातला एक चांगला, हुशार कारागीर, नाव देत नाही, आज इपॉक्सीच्या खोलीत पाय ठेवू शकत नाही. आधी बोटांच्या मध्ये खाज, मग मनगटावर पुरळ, मग पापण्या सुजायला लागल्या. त्याला वाटलं घामोळं आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून टेस्ट केली तेव्हा इपॉक्सीची अॅलर्जी निघाली, आणि ही अॅलर्जी एकदा अंगात बसली की बहुतेक जन्माची, नुसता पॉलिश पेपर मारताना उडालेली अर्धवट सुकलेली धूळसुद्धा पुरते. पूर्ण सुकलेलं टेबल कोणाला त्रास देत नाही, म्हणून ज्याच्या घरी आहे त्याने घाबरू नये, पण ओला माल, रेझिन आणि हार्डनर दोन्ही, कातडीचा वैरी आहे.

आणि मला सगळ्यात वाईट वाटतं ते हे की आपल्या कोकणात ही गोष्ट पोराटोरांना माहिती आहे. काजूबी फोडताना चीक लागला की कातडी सोलून निघते म्हणून आपल्या बायका हाताला तेल नाहीतर राख लावल्याशिवाय बीला हात लावत नाहीत. त्याच काजूच्या टरफलाचं तेल पूर्वी होड्यांना आणि लाकडाला द्यायचे, कीड लागू नये म्हणून. आज कारखान्यात त्याच टरफलाच्या तेलातून कार्डानॉल काढतात आणि त्यापासून इपॉक्सीचे हार्डनर बनतात, फेनाल्कामाईन म्हणतात त्यांना, जहाजांच्या रंगात वापरतात कारण ते दमट आणि थंड हवेतही धरतात. रंगाने तांबूस असतात म्हणून काचेसारख्या टेबलाला चालत नाहीत, पण न दिसणाऱ्या बाजूला, होडीला, दमट जागेला आपल्या हवेत ते विचार करण्यासारखे आहेत. म्हणजे आपल्याच काजूचं तेल परत आपल्याकडे डब्यातून येतंय, आणि ज्या आईने हाताला राख लावून काजू फोडले तिचा मुलगा उघड्या हाताने हार्डनर पुसतोय आणि वर थिनरने हात धुतोय. थिनरने तर तो माल कातडीत आणखी आत जातो. साबण आणि पाणी, बस. हातमोजे नायट्राइलचे, साधे रबरी नाहीत, फाटले की लगेच बदलायचे. खिडक्या उघड्या. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कोविडच्या वेळचा मास्क वास आणि वाफ अडवत नाही, त्याला वाफेचं फिल्टर असलेला मास्क लागतो, आणि घासताना धुळीचा. हे सगळं मिळून एका टेबलाच्या मजुरीच्या मानाने काहीच खर्च नाही, पण ठेकेदाराने द्यायला पाहिजे आणि गिऱ्हाइकाने विचारायला पाहिजे की तुमच्या माणसांना दिलेत का.

तर मागणी काय. पॅकबंद मालाच्या 2011 च्या नियमांप्रमाणे डब्यावरची सक्तीची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत असली की झालं, पण सोबत दुसऱ्या भाषेत लिहायला कोणी अडवलेलं नाही. महाराष्ट्रात इपॉक्सी विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने आणि डबे भरून विकणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने डब्यावर मराठीत पाच-सहा ओळी छापाव्यात. मिश्रण वजनाने किती आणि मापाने किती, लाकडातला ओलावा किती चालेल, पस्तीस अंशाला हातात वेळ किती, किती अंशाला मऊ पडतं, ऊन लागणार असेल तर वर काय मारायचं, आणि हातमोजे कुठले. फूडसेफ, हीटप्रूफ असं मोठ्या अक्षरात छापायचं असेल तर किती अंशापर्यंत आणि किती दिवस सुकल्यावर तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावं.

आयटीआयमध्ये सुतारकामाचा ट्रेड आहे, तिथे लाख-पॉलिश शिकवतात तसं दोन डब्यांच्या रेझिनचं आणि पीयूचं प्रात्यक्षिक ठेवावं, आणि जी पोरं आधीच कामाला लागलीत त्यांच्यासाठी संध्याकाळचे दोन-तीन वर्ग घ्यावेत. चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडी, जिथे लाकडाचं काम पिढीजात आहे तिथून सुरुवात करता येईल. शिकवायला माणूस मिळत नसेल तर मी माझ्या खर्चाने येईन, माल पण आणीन.

आणि तुमच्याकडे एक मागणं, त्या पुरवणीत जसा अर्धं पान लेख आला तसाच वाळवण, ओलावा आणि हातमोजे यावर एक लेख पावसाळ्याच्या आधी छापा. मे महिन्यात लोक दरवाजे-खिडक्या काढतात, तेव्हा तो त्यांच्या हातात असला पाहिजे.

कळावे,
आपला,
एक पॉलिश कारागीर, चिपळूण